बरोबर तासाने तुटणारं वायफाय

एका ऑफिसात वायफाय सारखं तुटतं, ही तक्रार आमच्याकडे आली तोवर सिग्नलचे सगळे उपाय करून झाले होते. अ‍ॅक्सेस पॉइंट (छतावरचे वायफाय देणारे डबे) वाढवले होते, चॅनल बदलले होते, पॉवर कमी-जास्त करून पाहिली होती. तरी "मीटिंगमध्ये हमखास जातं" हे पालुपद चालूच. वायफाय तुटलं की सगळ्यांचं बोट आधी सिग्नलकडे जातं. मोबाइलवर दिसतात त्या रेषा, दुसरं काही दिसतच नाही.

त्या ऑफिसात ८०२.१एक्स ही लॉगिनची पद्धत होती, म्हणजे सगळ्यांना मिळून एक पासवर्ड नाही. प्रत्येकाचं आपलं लॉगिन, आणि आत घ्यायचं की नाही हे ठरवणारा मागे रेडियस सर्व्हर.

अकाउंट्सच्या मॅडम चांगल्याच वैतागल्या होत्या. "अहो, मी या डब्याच्या अगदी खाली बसते, तरी माझंच तुटतं. सेल्सची पोरं दिवसभर मजलाभर फिरतात, त्यांना कसं काही होत नाही?"

हा प्रश्न लाखमोलाचा होता. सिग्नलचा दोष असता तर उलटं व्हायला हवं होतं.

मी रेडियसच्या अकाउंटिंगच्या, म्हणजे कोण कधी आणि किती वेळ जोडलेलं होतं याच्या, नोंदी उघडल्या. प्रत्येक सेशन संपलं की तिथे एक स्टॉप नोंद पडते. त्यात सेशन किती सेकंद चाललं आणि का संपलं, दोन्ही असतं. मॅडमच्या नावासमोर अ‍ॅक्ट-सेशन-टाइम, म्हणजे सेशन चाललेले सेकंद, ३६००: बरोबर एक तास. त्याखाली ३६००. पुन्हा ३६००. आणि कारण: सेशन-टाइमआउट, म्हणजे सेशनची ठरवलेली मुदत संपली. नेटवर्क बिघडलं तर आकडे वेडेवाकडे येतात; इतकं गोल काही आपोआप घडत नाही. एक लिनक्स लॅपटॉप तिथेच तासभर चालू ठेवला. तास भरताच त्याच्या कर्नल लॉगमध्ये, म्हणजे सिस्टमच्या अंतर्गत नोंदवहीत, ओळ आली: डीऑथेंटिकेटेड (बाहेर काढलं), रीझन २. याचा अर्थ, आधीचं ऑथेंटिकेशन आता ग्राह्य नाही. कनेक्शन तुटत नव्हतं, तोडलं जात होतं, तेही हुकमावरून.

हुकूम कुठून येतोय ते अ‍ॅक्सेस-अ‍ॅक्सेप्टमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या मंजुरीच्या उत्तरात, दिसलं. सर्व्हर लॉगिन मंजूर करताना सोबत सेशन-टाइमआउट ३६०० पाठवत होता. त्यात वावगं काही नाही, ठरावीक वेळाने ओळख पुन्हा तपासणं चांगलंच. पण त्याच्या जोडीला टर्मिनेशन-अ‍ॅक्शन लागतं, म्हणजे मुदत संपल्यावर काय करायचं ती सूचना. त्याची किंमत रेडियस-रिक्वेस्ट असेल तर वेळ संपल्यावर अ‍ॅक्सेस पॉइंट क्लायंटला जागेवरच पुन्हा ओळख विचारतो, आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ती नसेल तर सरळ सेशन संपवायचं. २००३ च्या आरएफसी ३५८० या तांत्रिक दस्तऐवजात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. इथे सर्व्हर बदलताना नव्या पॉलिसीत टाइमआउट आला होता, त्याचा जोडीदार मागेच राहिला होता.

सेल्सवाल्यांचं कोडंही मग सुटलं. तिथे फास्ट रोमिंग (जागा बदलताना पूर्ण लॉगिन टाळणारी सोय) बंद होतं. त्यामुळे या अ‍ॅक्सेस पॉइंटवरून त्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर गेलं की दर वेळी पूर्ण लॉगिन व्हायचं आणि घड्याळ शून्यापासून सुरू. फिरणाऱ्यांचा तास कधी भरायचाच नाही. एका जागी बसून मान मोडून काम करणाऱ्यांचा मात्र नेमाने भरायचा. सकाळी सगळे एकाच सुमारास लॉगिन करणार, तासाने सगळे एकाच सुमारास बाहेर, आणि रोजचा व्हिडिओ कॉल नेमका त्याच वेळेला. तुटून परत जोडायला लागणारे ते दोन सेकंद ईमेल वाचणाऱ्याला जाणवत नाहीत, कॉलवर बोलणाऱ्याला जाणवतात.

काहींना तर परत आतच घेत नव्हतं. एका लॉगिनवर एकच सेशन, असा नियम होता. लॅपटॉप दोन सेकंदांत परत यायचा, पण आधीच्या सेशनचा स्टॉप यूडीपीवर (पोच मिळण्याची हमी नसलेल्या पद्धतीवर) वाटेत हरवला तर अ‍ॅक्सेस पॉइंट तो पुन्हा पाठवेपर्यंत सर्व्हरच्या लेखी जुनं सेशन जिवंतच. लॉगिन नाकारलं, की माणसाला वाटणार पासवर्ड चुकला. तो पुन्हा पुन्हा टाकणार आणि शेवटी खातं लॉक. हेल्पडेस्ककडे याची नोंद "युजर पासवर्ड विसरला" अशी होती! बिचारा युजर.

टर्मिनेशन-अ‍ॅक्शन जोडायला एक ओळ पुरली. अडकलेल्या सेशनसाठी दर १० मिनिटांनी इंटरिम अपडेट (सेशन अजून चालू असल्याची खबर) मागवायला लावलं, आणि लागोपाठ तीन अपडेट चुकले तर ते सेशन मेलं असं धरून बंद करायचं. हा आकडा फार खाली आणायचा मोह होतो, पण मग अपडेट वाटेत थोडा वेळ अडले तरी चालू सेशन मेलेल्यात जमा होतं आणि सर्व्हरवर नोंदींचा मारा वाढतो तो वेगळाच.

दुसऱ्या दिवशी मॅडमचं सेशन दुपार उलटली तरी एकच होतं. गोदामातले जुने हँडहेल्ड स्कॅनर मात्र रीऑथेंटिकेशनची विचारणा आली की गप्प पडून राहायचे. त्यांचा वेगळा गट केला आणि टाइमआउट १२ तासांचा ठेवला, म्हणजे एक पाळी त्यात आरामात निघते.