हॅरोच्या टेकडीवरून मुंबईच्या गिरण्यांपर्यंत

पिकाडिली सर्कसमधल्या पंखवाल्या धनुर्धारी मुलाचा फोटो लंडनला जाऊन आलेल्या प्रत्येकाकडे असतो. सगळे त्याला ‘इरॉस’ म्हणतात. ते कारंजं शाफ्ट्सबरीचे सातवे अर्ल अँथनी ॲशली-कूपर यांचं स्मारक आहे, हे मात्र पायऱ्यांवर बसलेल्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असावं. १८९३ साली आल्फ्रेड गिल्बर्टने ते घडवलं. वरची मूर्ती ॲल्युमिनियमची आहे.

मी लंडनमध्ये या माणसाच्याच खुणा शोधत फिरले. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. कामाचे तास, पाळी, भोंगा हे शब्द ऐकतच आम्ही वाढलो. म्हणून कामाच्या तासांना कायद्याने लगाम घालण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या या उमरावाबद्दल मला मनापासून आदर आहे.

मेट्रोपॉलिटन लाइनने हॅरो-ऑन-द-हिलला उतरून टेकडी चढायची. चढ दमवणारा आहे. वर जगप्रसिद्ध हॅरो स्कूल आणि तिथेच एका भिंतीवर एक फलक. ॲशली इथे शिकत असताना त्यांनी एका कंगालाची अंत्ययात्रा पाहिली. शवपेटी वाहणारे दारूच्या नशेत होते. त्यांनी पेटी खाली पाडली आणि वर शिवीगाळ केली. गरिबाला मेल्यावरही एवढीशी प्रतिष्ठा मिळू नये, याची लाज आणि संताप त्या मुलाच्या मनात कायमचा राहिला. फलकाजवळ मी बराच वेळ थांबले. शाळेची मुलं डोक्यावर चपट्या गवती टोप्या घालून शेजारून जात होती. अशाच सुखवस्तू घरातून आलेल्या एका मुलाने ते पाहिलं आणि नजर वळवली नाही, याचं मला फार मोल वाटतं.

१८२६ साली ते खासदार झाले. १८४२ मध्ये कोळसाखाणींचा चौकशी अहवाल चित्रांसकट छापला गेला: गुडघ्यांवर रांगत, कमरेला साखळी बांधून कोळशाच्या गाड्या ओढणारी पोरं, आणि हवेसाठी दारं उघडबंद करत दिवसभर काळोखात एकटी बसणारी पाच-सहा वर्षांची लेकरं. त्याच वर्षी ॲशलींनी स्त्रिया आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना जमिनीखालच्या कामातून सोडवणारा कायदा करून घेतला.

गिरण्यांमधल्या दहा तासांचा लढा मात्र वर्षानुवर्षं चालला. १८४६ मध्ये धान्यावरील आयातकराबाबत त्यांचं मत बदललं. डॉर्सेटच्या शेतकऱ्यांनी आपल्याला वेगळ्या भूमिकेवर निवडून दिलंय, म्हणून त्यांनी खासदारकी सोडली. त्यामुळे १८४७ मध्ये दहा तासांचा कायदा मंजूर झाला तेव्हा ते सभागृहातच नव्हते. जॉन फील्डेन यांनी तो तडीस नेला. आयुष्यभराच्या कामाचा कळस दुसऱ्याच्या हातून चढताना पाहायला किती मोठं मन लागत असेल! १८५१ मध्ये वडील गेले आणि ॲशली अर्ल होऊन हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसले. धुराडी साफ करणाऱ्या पोरांसाठीचा परिणामकारक कायदा व्हायला १८७५ उजाडलं.

वेस्टमिन्स्टर ॲबीत पश्चिमेच्या दाराजवळ त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. १८८५ मध्ये इथे त्यांची अंत्यप्रार्थना झाली, दफन मात्र डॉर्सेटमधल्या त्यांच्या गावी, विम्बोर्न सेंट जाइल्सला. बाहेर पडलं की समोर पार्लमेंट. १८७९ मध्ये तिथल्याच हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये या म्हाताऱ्या अर्लनी हिंदुस्थानातल्या गिरणीकामगारांचा प्रश्न मांडला. मुंबईच्या स्वस्त मजुरीची इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरणी मालकांना धास्ती होती आणि या मागणीमागे त्यांचाही जोर होता, हे नाकारता येत नाही. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या पोरांसाठी जो माणूस झगडला, त्याची मुंबईच्या पोरांबद्दलची कळकळ मला खोटी वाटत नाही. १८८१ चा हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा तोकडाच होता: सात वर्षांखालच्या मुलांना बंदी, बारापर्यंतच्यांना नऊ तास, आणि मोठ्यांच्या तासांवर कसलंच बंधन नाही. ती उणीव कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी हेरली आणि १८८४ पासून मुंबईत कामगारांच्या सभा भरवून आठवड्याची सुट्टी मागायला सुरुवात केली. रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये.