लग्नपत्रिका ते उर्दू पीडीएफ : आमची वाटचाल

कोल्हापुरात राजारामपुरीत एका छोट्या गाळ्यात आमचं डीटीपी सुरू झालं, तेव्हा काम म्हणजे लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, मंडळांची पावतीपुस्तकं आणि निवडणूक लागली की रात्रभर हँडबिलं. उर्दू पत्रिकापण यायच्या म्हणून इनपेज हे उर्दू टायपिंगचं सॉफ्टवेअर घेतलं, आणि उर्दू शाळेतनं रिटायर झालेले एक सर प्रूफ बघायला यायला लागले ते आजपण येतात.

मग एका कॉलेजचं उर्दू माहितीपत्रक आलं, अट काय तर त्याची पीडीएफ अंध मुलांना स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, वाचता आली पाहिजे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आल्यावर अशी विचारणा आमच्याकडं वाढत गेली. दिसायला बरोबर पण मशीनला वाचता येत नाही, हे दुखणं आम्हाला नवीन नव्हतं, जुन्या मराठी फाँटात पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असायची आणि कॉपी केलं की नुसता कचरा. जुन्या इनपेजचं तर त्याहून अवघड, तिथला नूरी नस्तालिक फाँट म्हणजे 1981 साली मिर्झा अहमद जमील यांनी हातानं काढलेले हजारो जोडआकार, बघायला लई देखणा पण त्या आकारामागं युनिकोड अक्षर, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणारा अक्षराचा ठरलेला नंबर, नसलं तर मशीननं वाचायचं काय?

टेस्टिंगला आमच्याकडं एक दादा येतात, ते जन्मापासून अंध आहेत, लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतात. त्या माहितीपत्रकात ऑफिसचा फोन नंबर होता. दिसायला एकदम बरोबर, पण आवाज आला तो आधी नंबर आणि मग 0231 हा कोल्हापूरचा कोड. सरांनी लगेच ओळखलं. उर्दू अक्षरानंतर आकडे-डॅश-आकडे असं टाकलं की स्क्रीनवर दोन्ही गट उलटे दिसतात, मग ऑपरेटर दिसायला नीट यावं म्हणून मुद्दाम उलटं टाइप करतो. नंबर सरळ टाइप करून त्याच्या आधी डावीकडून-उजवीकडं हे न दिसणारं चिन्ह टाकलं की डोळ्याला आणि कानाला दोन्हीकडं बरोबर येतं. फीच्या तक्त्याचीपण तीच गत, उर्दूत पहिला कॉलम उजवीकडचा, पण ऑटो टॅगनं (पीडीएफमधला वाचायचा क्रम सॉफ्टवेअरनं आपोआप लावणं) डावीकडचा धरला आणि वर्गाच्या नावाआधीच रक्कम ऐकू यायला लागली.

गिऱ्हाइकं म्हणतात, पीडीएफ तपासणाऱ्या चेकरमध्ये सगळं हिरवं आलंय की, मग पैसे कसले? अहो, अॅक्रोबॅटचा चेकर स्वतःच वाचनाच्या क्रमापुढं 'हातानं तपासा' असं लिहितो, ते कोणी वाचत नाही. सर आणि दादा बसून पूर्ण ऐकतात, त्याचे पैसे आहेत.

आता अरबीची पण कामं घेतो. पाठवताना शक्यतो पीडीएफ नको, मूळ फाईल द्या, पानामागं रेट कमी बसतो. स्कॅन असलं तर सगळं परत टाइप करावं लागतं, त्याला वेळ धरा.