आमची वाटचाल : एका गावात चार रात्री

सांगलीत मारुती चौकाजवळ आमचं ऑफिस आहे, दहा बाय बाराची खोली, दोन टेबलं आणि भिंतीवर एक मोठा नकाशा. मी आणि माझी बायको, आम्ही दोघांनीच सुरू केलेला धंदा. सुरुवातीला एक टेम्पो ट्रॅव्हलर, हप्त्यावर घेतलेली, आणि ट्रिपा म्हणजे अष्टविनायक, गाणगापूर, अक्कलकोट-तुळजापूर, दिवाळीनंतर कोकण. जेवणाचं बायको बघायची, गाडी आणि हिशोब माझ्याकडं. लोकांचा विश्वास बसला आणि चार-चार वेळा आलेली माणसंच म्हणायला लागली की आता परदेश पण तुमच्याबरोबरच बघायचा.

तेव्हा आम्ही एका मोठ्या कंपनीच्या हाताखाली सब-एजंट म्हणून काम घेतलं. युरोपचं पॅकेज त्यांचं, पाहुणे आमचे. त्यातल्या इटलीच्या एका टूरमध्ये दक्षिणेकडचं अल्बेरोबेल्लो होतं, फक्त दोन तास. पुलिया प्रांतातलं, बारी शहरापासून साधारण साठ किलोमीटर आत, दहा हजार वस्तीचं गाव. सगळ्या गावात पांढऱ्या भिंतींची गोल-चौकोनी घरं आणि त्यांच्यावर करड्या दगडाची टोकदार शंकूसारखी छपरं, त्या घराला त्रुल्लो म्हणतात, अनेक असली की त्रुल्ली. बस खाली थांबली, गाईडबाई म्हणाल्या एक वाजता परत या, लोक फोटो काढून, फ्रिजवर लावायचे मॅग्नेट घेऊन उन्हातनं परत आले.

आमच्याबरोबर आटपाडीचे एक काका होते, आयुष्यभर बांधकामाची कंत्राटं घेतलेले. ते दुकानात शिरलेच नाहीत. एका भिंतीपाशी उभं राहून दगडांच्या सांध्यात बोट घालून बघत होते. मला म्हणाले, "सिमेंट नाही, चुना नाही, बरं. पण छपरावरचं पाणी जातंय कुठं?" मी गाईडबाईंना विचारलं, त्यांनी घड्याळ दाखवलं. काका बसमध्ये खिडकीशी गप्प बसले. साठ हजार तास उन्हात काम केलेला माणूस एक रास्त प्रश्न विचारतो आणि त्याला उत्तर द्यायला आपल्याकडं पाच मिनिटं नाहीत, हे मला फार लागलं. रात्री हॉटेलवर बायकोला म्हणलं, आपण लोकांना हे काय दाखवतोय?

आमच्या एका जुन्या पाहुण्यांची मुलगी तेव्हा बारीच्या पॉलिटेक्निकला आर्किटेक्चर शिकत होती. तिला फोन केला, ती म्हणाली ग्रुप न घेता या आणि राहा. नवीन गाडीसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते, त्यातनं आम्ही दोघं फेब्रुवारीत गेलो, पाच दिवस एका त्रुल्लोतच राहिलो. आमच्या धंद्याची खरी सुरुवात मी तिथनं धरतो.

पाण्याचं उत्तर असं आहे. तिकडची जमीन चुनखडीची, पाऊस पडला की पाणी भेगांतनं खाली जातं, वर नदी नाही. म्हणून छपराच्या पायथ्याशी दगडाचीच पन्हळ काढलेली असते, तिच्यातनं पाणी घराखाली कोरलेल्या टाकीत. टाकी कोरताना निघालेला दगड भिंतींना वापरायचा, शेत साफ करताना निघालेला पण. भिंत दुहेरी, मधे बारीक दगडांची भर, त्यामुळं जाडी इतकी की बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत गार. छप्पर पण दुपदरी. आतला थर जाड दगडांचा, एकेक रांग थोडी थोडी आत सरकवत वर मिटवलेला, आणि त्याच्यावर पातळ फरश्या, त्यांना क्यांकारेल्ले म्हणतात. त्या शिकलेल्या मुलीनं आम्हाला एका दुरुस्तीच्या कामावर नेलं. परांचीवर बसलेला मिस्त्री, सत्तरीचा असेल, दोन बोटं जाडीची फरशी हातात घ्यायचा, हातोडीनं कडा मोडायचा, ठेवायचा, हलवून बघायचा, डगमगली की खाली दगडाची चीप सारायचा. प्रत्येक फरशी बाहेरच्या बाजूला किंचित उतरती, म्हणजे पाणी आत यायचा प्रश्नच नाही. अर्ध्या तासात त्यानं एक हातभर रांग पुरी केली नसेल. मी त्याचा व्हिडिओ काकांना पाठवला, आणि काकांनी तो आटपाडीत सगळ्या गवंड्यांना दाखवला.

मग हे असं बिनचुन्याचं का, तर त्याच्या मागं कर आहे. हा भाग कोन्व्हेर्सानोच्या अक्वाविवा सरदार घराण्याच्या ताब्यात होता. नेपल्सच्या राज्यात कायदा असा की राजाच्या परवानगीशिवाय नवीन गाव वसवायचं नाही आणि वसवलं तर कर भरायचा. सरदारांना कसायला माणसं तर पाहिजेत, कर मात्र द्यायचा नाही, मग कुळांना सांगितलं की घरं नुसता दगडावर दगड ठेवून बांधा, तपासणी आली की उतरवता आली पाहिजेत. सतराव्या शतकात जानजिरोलामो दुसरा म्हणून सरदार होता, त्याच्या काळात वस्ती वाढली. पिढ्यान्पिढ्या माणसं अशा घरात राहिली जे कागदावर घर नव्हतंच. शेवटी गावकऱ्यांनी राजा चौथा फेर्दिनांद याच्याकडं दाद मागितली आणि २७ मे १७९७ ला गाव सरदाराच्या हातातनं सुटून थेट राजाचं झालं. त्याच वर्षी गावातलं पहिलं चुना-मातीचं घर उभं राहिलं, कासा दामोरे, चौकाजवळ आजपण आहे. मी आमच्या पाहुण्यांना सगळ्यात आधी तिथं नेतो. दिसायला साधं घर आहे, बरेच टुरिस्ट बघत पण नाहीत, पण त्या भिंतीतला चुना म्हणजे त्या लोकांचं स्वातंत्र्य आहे असं मला मनापासून वाटतं.

बाकी बघायचं म्हणलं तर रिओने मोंती हा उतारावरचा भाग, युनेस्कोच्या नोंदीत तिथं १०३० त्रुल्ली आहेत, दुकानं पण तिथंच. समोर आया पिक्कोला, ५९० त्रुल्ली, तिथं दुकानं जवळपास नाहीत, माणसं राहतात, दोरीवर कपडे वाळत असतात. आया म्हणजे खळं, सरदाराच्या धान्याची मळणी तिथं व्हायची. १९९६ साली गाव जागतिक वारसा यादीत गेलं. दुमजली असा त्रुल्लो सोव्रानो आहे, जिना भिंतीच्या जाडीत. सांत अंतोनियोचं चर्च १९२६-२७ मधलं, ते पण त्रुल्लोच्याच घाटाचं. पण खरं गाव संध्याकाळी सहानंतर बघावं, बसेस गेल्या की म्हाताऱ्या खुर्च्या घेऊन दारात बसतात, आवाज फक्त भांड्यांचा.

म्हणून आम्ही ठरवलं, सब-एजंटचं काम सोडायचं आणि आपली स्वतःची टूर काढायची, चौदा माणसं, अल्बेरोबेल्लोत चार रात्री. सगळ्यांनी वेड्यात काढलं, पाहुणे पण विचारायचे की एवढ्या पैशात पाच देश होतात. पहिल्या वेळी नऊच माणसं आली, नफा शून्य. त्यातच तिकडच्या एका बुकिंग एजंटनं आगाऊ पैसे घेऊन खोल्या पुढं कळवल्याच नव्हत्या, रात्री अकराला आम्ही बॅगा घेऊन रस्त्यावर. ज्या आजींच्या त्रुल्लोत आम्ही दोघं राहिलो होतो त्यांचं दार वाजवलं, त्यांनी मुलाला उठवलं, शेजारणीला उठवलं, आणि तासाभरात नऊच्या नऊ माणसं चार घरांत झोपलेली. त्या दिवसापासनं मधला एजंट बंद, घरमालकांशी थेट बोलायचं, पैसे थेट द्यायचे.

त्याच आजींच्या स्वयंपाकघरात आमच्या ग्रुपमधल्या बायका ओरेक्क्येत्ते नावाचा पास्ता करायला शिकल्या. रव्याची घट्ट कणीक, त्याची दोरी वळायची, नखाएवढा तुकडा सुरीनं पाटावर ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा, की झाली कानाची पाळी, नावाचा अर्थ पण तोच, छोटे कान. तासगावच्या एक काकू जरा वेळ बघत बसल्या, मग तीच कणीक घेऊन दोन बोटांत भराभरा गव्हले करायला लागल्या. आजींनी सुरी खाली ठेवली. मग मालत्या, नखुल्या सगळं झालं, एकमेकींची भाषा एक शब्द कळत नव्हती आणि दोन तास कुणी उठलं नाही. आमचे निम्मे पाहुणे शाकाहारी असतात, त्यांची पण तिकडं आबाळ होत नाही, सुक्या बाकल्याच्या डाळीचं घोटलेलं वरण आणि बाजूला परतलेली कडवट चिकोरीची भाजी हे त्यांचं रोजचं गरिबाघरचं जेवण, वर ऑलिव्हचं तेल.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी ऑफिसात शिरलं, नकाशा, फायली, कॉम्प्युटर गेलं. सावरतोय तोवर मार्च २०२०. ठरलेली टूर रद्द, लोकांचे पैसे परत करायला टेम्पो ट्रॅव्हलर विकली, पण एकाचाही रुपया ठेवला नाही. तिकडं आजींना दिलेलं ॲडव्हान्स त्यांनी स्वतःहून परत पाठवलं, आम्ही मागितलं नव्हतं.

परत सुरू झाल्यावर टूर सप्टेंबरला नेली, कारण २५ ते २८ सप्टेंबर कोस्मा आणि दामियानो या संतांचा उत्सव असतो. दोघं जुळे भाऊ, वैद्य, पैसे न घेता औषध द्यायचे म्हणून लोक त्यांना मानतात. सगळ्या रस्त्यावर लाकडी कमानींवर दिव्यांची रोषणाई, चौकात बँड, आणि २६ च्या रात्री आजूबाजूच्या गावांतनं माणसं चालत येतात, कुणी नवस फेडायला, कुणी आजारी माणसासाठी. आमच्यातल्या दोघी दरवर्षी वारी करणाऱ्या. पहाटे चारला त्यांनी स्वतःहून चपला काढल्या आणि त्या माणसांच्या मागं बॅसिलिकापर्यंत, म्हणजे त्या संतांच्या मोठ्या चर्चपर्यंत, चालत गेल्या, कुणी त्यांना विचारलं नाही तुम्ही कोण.

मागच्या वेळी आटपाडीच्या काकांचा मुलगा आला होता, काकांचे गुडघे आता चालू देत नाहीत. नळाचं पाणी तिकडं विसाव्या शतकात आलं, डोंगरापलीकडनं आणलेलं, आपल्याकडं टेंभू योजनेनं कृष्णेचं आणलं तसं, तरी आजींनी घराखालची टाकी बुजवलेली नाही. मुलानं झाकण सरकवून आत टॉर्च मारला आणि तिथनंच वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. काका बराच वेळ बघत होते.

"भरलीय का रे?"

"अर्धी आहे अण्णा."

"सप्टेंबरात अर्धी म्हणजे चांगली आहे," म्हणाले, आणि मग म्हणाले की फोन जरा पन्हळीकडं फिरव.