गाला रात्रीला साडी चालते

क्वीन मेरी २ या प्रवासी जहाजावर गाला रात्री, म्हणजे थाटाच्या पोशाखाच्या रात्री, संध्याकाळी ६ नंतर पुरुषांना डिनर जॅकेट किंवा गडद सूट आणि टाय किंवा बो टाय लागतोच. पण औपचारिक राष्ट्रीय पोशाखही चालतो, म्हणजे बंदगळा किंवा रेशमी साडी बिनधास्त न्या. केबिनमध्ये इस्त्री, स्टीमर नेऊ देत नाहीत, आगीचा धोका असतो. इस्त्री जहाजावरच्या लाँड्रीत करायची.

साडी घडी न घालता सुती पंच्यात गुंडाळून न्या, चुण्या पडत नाहीत. खांद्यावर पदराच्या निऱ्यांना आतून पिन लावा. डेकवरचा वारा सुटा पदर क्षणात उडवतो. जहाज डोलतं, म्हणून बारीक टाचा नकोतच. जेवणघरात एसी असतो, शाल हवीच. थाटमाट नको असेल, तर बुफेत साधे कपडे चालतात.