आमची वाटचाल : लेन्स बदलायला किती मिनिटं?

सेटवर स्टेडीकॅमवाल्याला, म्हणजे चालतानाही चित्र स्थिर ठेवणारं कॅमेऱ्याचं मशीन अंगावर घेणाऱ्याला, दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा जो प्रश्न येतो तो शॉटबद्दल नसतो. "किती वेळ?" एवढाच असतो. कलाकार मेकअप करून आलेले, लाइट लागलेलं, डीओपींनी (मुख्य छायाचित्रकारांनी) ३५ मिलिमीटरची लेन्स काढून ५०ची मागवलेली आणि सगळं युनिट एका माणसाकडे बघत उभं. ठाण्यात वागळे इस्टेटच्या एका गाळ्यातून चालणारा आमचा व्यवसाय म्हणजे या प्रश्नाचं उत्तर कमी कमी करत आणण्याचा हिशोब आहे. सुरुवातीला लेन्स बदलून पुन्हा उभं राहायला बारा मिनिटं जायची. आता तीन ते चार जातात. मशीन तेच आहे.

काम कुठलं, तर घोडबंदर रोडच्या मालिकांचे सेट, अधूनमधून जाहिराती आणि ऐरोली-महापेच्या कंपन्यांच्या फिल्म्स. चित्रपटाचं काम आलं की सलग येतं, मग दोन महिने काही नाही. मालिकांवर घर चालतं, हे आधीच सांगितलेलं बरं.

ज्यांनी हे मशीन लांबूनच पाहिलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. अंगात व्हेस्ट, तिला जोडलेला स्प्रिंगचा दोन जोडांचा आर्म, आर्मच्या टोकाला गिंबल (सगळ्या बाजूंना मोकळा फिरणारा जोड) आणि गिंबलमधून जाणारा उभा दांडा. दांड्याच्या वर कॅमेरा, खाली मॉनिटर आणि बॅटऱ्या. हा वरखाली भरलेला दांडा म्हणजे स्लेड. अंगावर सगळं मिळून २५ ते ३० किलो येतं. गॅरेट ब्राऊन या अमेरिकन कॅमेरामनने सत्तरच्या दशकात हे बनवलं आणि १९७६ साली ते पहिल्यांदा चित्रपटांत दिसलं. मुळातली कल्पना आपल्याकडच्या डोंबाऱ्याला कुणी शिकवायला नको. दोरीवर चालणारी पोर हातात लांब काठी आडवी धरते, कारण वजन मधल्या बिंदूपासून जितकं लांब पसरेल तितकं ते फिरायला आळशी होतं. स्लेडमध्ये तीच काठी उभी केलेली आहे. पावलांचे हिसके आर्म खातो आणि हाताची थरथर गिंबलच्या पलीकडे जात नाही.

बॅलन्सचा क्रम ठरलेला आहे आणि तो उलटा केला की वेळ दुप्पट जातो. आधी कॅमेरा पूर्ण सजवायचा : लेन्स, मॅट बॉक्स (लेन्सपुढची फिल्टर धरणारी चौकट), फिल्टर, फोकस मोटर, व्हिडिओ ट्रान्समीटर, केबली, सगळं. "ट्रान्समीटर मागून लावू" हे वाक्य कॅमेरा असिस्टंटकडून आलं की आम्ही थांबतो. दोनशे ग्रॅम नंतर चढले तर पहिलं बॅलन्स वाया. मग कॅमेऱ्याखाली पेन्सिल आडवी धरून तो कुठे तोलतो ते पाहायचं आणि तिथे टेपची खूण करायची. ही खूण दांड्याच्या मध्यापासून साधारण पाऊण इंच मागे राहील अशी कॅमेऱ्याखालची प्लेट सरकवायची. नंतर पुढे-मागे आणि डावं-उजवं, दोन्ही नॉबने.

मग ड्रॉप टाइम. दांडा आडवा धरून सोडायचा आणि तो उभा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. अडीच ते तीन सेकंद आमच्या नेहमीच्या चालीला पुरतात. दीड सेकंद आला तर खालचा भाग जड आहे, गिंबल थोडा खाली घ्यायचा. नव्या ऑपरेटरला खाली जड असलेलं मशीन आवडतं, कारण ते आपोआप सरळ उभं राहतं. त्रास चालायला लागल्यावर कळतो : सुरुवात करताना आणि थांबताना दांड्याचं खालचं टोक लंबकासारखं मागेपुढे झुलतं आणि क्षितिज हलतं.

शेवटी फिरवून पाहणं, म्हणजे डायनॅमिक बॅलन्स. दांडा हलक्या हाताने गरागरा फिरवला आणि तो भोवऱ्यासारखा सरळ राहिला तर ठीक. डोलायला लागला तर बॅटरी किंवा मॉनिटर आत-बाहेर करायचा, प्रत्येक वेळी कॅमेरा सरकवून पुन्हा सरळ करायचा आणि परत फिरवायचा. घाईत ही पायरी गाळली जाते. संथ शॉटमध्ये ती गाळल्याचं कळतही नाही. पहिला व्हिप पॅन (कॅमेरा झटक्यात बाजूला वळवणं) आला की मात्र फ्रेम तिरकी होऊन थांबते, आणि ऑपरेटर स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

आमचे बारा मिनिटांचे चार झाले ते एका वहीमुळे. दोनशे पानी, साधी, रेघांची. प्लेटवर मिलिमीटरच्या खुणा कोरून घेतल्या, दांड्यावर पट्टी चिकटवली, आर्मच्या स्प्रिंगचे आटे मोजायची सवय लावली. वहीतली एक नोंद अशी दिसते : "अलेक्सा मिनी, ३५, क्लिप-ऑन मॅट बॉक्स, मोटर १. प्लेट ७२, आडवं ०, गिंबल ४१. आर्म वर साडेचार आटे, खाली पाच. बॅटरी दुसरी खूण. ड्रॉप ३." तोच कॅमेरा महिन्याभराने समोर आला की या आकड्यांवर बसवायचा आणि उरलेला फरक बोटाने काढायचा. ट्रान्समीटर वेगळा असेल तर आकडे थोडे चुकतात, पण अंधारात चाचपडावं लागत नाही.

दुसरा उपाय शेजारच्या गल्लीतल्या लेथवाल्याने करून दिला. १००, २०० आणि ३०० ग्रॅमची पितळी वजनं, मधून १५ मिलिमीटरच्या रॉडवर सरकतील अशी, बाजूला एक स्क्रू. दिवसभरात लागणार असलेल्या लेन्सपैकी सगळ्यात जड लेन्सवर मशीन बॅलन्स करायचं. हलकी लेन्स लागली की जेवढा फरक तेवढं पितळ लेन्सच्या खालीच रॉडवर चढवायचं. कॅमेऱ्याचं एकूण वजन आणि तोलाची जागा जवळपास तीच राहते, म्हणून ना प्लेट हलवावी लागत, ना आर्मचे आटे. एका सेटमधल्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्स वजनाला जवळ असतील तर याचीही गरज पडत नाही. फोटोच्या लेन्स आल्या की पंचाईत होते. काहींची नळी फोकस करताना पुढे येते, त्यामुळे शॉट चालू असतानाच बॅलन्स बदलतं. शिवाय काहींच्या फोकस रिंगला शेवट नसतो, ती गोल फिरतच राहते आणि मोटरचं कॅलिब्रेशन होत नाही; दोन्ही टोकं हाताने ठरवून द्यावी लागतात.

केबलींवर एक परिच्छेद खर्च करायलाच हवा, कारण सेटवर बंद पडणारी दहातली सात मशीनं केबलमुळे बंद पडतात असा आमचा अंदाज आहे. कॅमेऱ्याची वीज आणि चित्र स्लेडमधूनच जातं. बाहेरून लटकणारी एकही ताठ केबल चालत नाही, ती गिंबलला ओढते. लांब आणि बारीक तारेत व्होल्टेज पडतं, म्हणून बॅटरी अर्धी असतानाही कॅमेरा बंद होतो. काही नवे कॅमेरे २४ व्होल्टशिवाय सुरूच होत नाहीत, तेव्हा १४.४ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावण्याची सोय स्लेडमध्ये आधी तपासायची. आणि ट्रान्समीटर किंवा मॉनिटर जोडताना आधी वीज, मग एसडीआय (चित्राची केबल). काढताना आधी एसडीआय, मग वीज. उलटं केलं तर कॅमेऱ्याचं एसडीआय आउटपुट उडू शकतं. ते दुरुस्त करायचा खर्च कुणाच्या बिलात जातो यावर तासभर वाद होतो आणि शॉट तसाच राहतो.

मालिकेच्या सेटवर खरा शत्रू उंबरठा. वाड्याचा सेट म्हटला की प्रत्येक दाराला उंबरठा हवाच, आणि डोळे मॉनिटरवर असलेल्या ऑपरेटरला तो दिसत नाही. आम्ही कलादिग्दर्शनाच्या मंडळींना आदल्या दिवशीच सांगतो : ज्या दारातून आम्ही जाणार त्याचा उंबरठा निघेल असा करा. फ्रेममध्ये तो पुढच्या पात्राच्या पायाखाली हवा असेल तर शॉटच्या मधेच सेटिंग दादा तो सरकवून घेतो, कॅमेरा वर असताना. दार अडीच फुटांचं असेल तर आर्म अंगाच्या बाजूने उघडून जाता येत नाही. मशीन समोर घेऊन सरळ घुसावं लागतं, म्हणजे दारापाशी पॅन करता येणार नाही. हे डीओपींना शॉट लावण्याआधी कळलेलं बरं.

स्पॉटर म्हणजे ऑपरेटरच्या मागे चालणारा असिस्टंट. त्याचा हात व्हेस्टच्या मागच्या पट्ट्यावर असतो, तोंड बंद. खुणा बोटांच्या : एक टोक म्हणजे पायरी आली, सतत दाब म्हणजे थांब, डावीकडे ओढ म्हणजे डावीकडे जागा आहे. सिंक साउंड असतो, म्हणजे संवाद सेटवरच रेकॉर्ड होतात, म्हणून बूटही मऊ तळव्याचे. करकरणारा बूट साउंडवाल्याच्या हेडफोनमध्ये ढोलासारखा वाजतो.

तुळशीवृंदावनाभोवतीचा गोल शॉट दर मालिकेत एकदा तरी येतो, म्हणून त्याबद्दल सविस्तर. वळणावर दांड्याचं खालचं टोक बाहेरच्या बाजूला फेकलं जातं आणि अंगण एका बाजूला कलतं. त्यासाठी गिंबल खाली घेऊन ड्रॉप चार सेकंदांपर्यंत नेतो, म्हणजे झुलणं कमी. मात्र मग मशीन स्वतःहून सरळ राहत नाही, दांड्यावरच्या दोन बोटांनी ते सांभाळायचं. जमिनीवर खडूने वर्तुळ काढून त्यावर चार खुणा करतो, आणि संवादातला कुठला शब्द कुठल्या खुणेवर यायला हवा ते ठरवतो. माणूस वर्तुळाच्या शेवटाकडे नकळत जोरात चालतो. तिसऱ्या खुणेवर शब्द आधीच संपला तर वेग कुठे बिघडला ते लगेच कळतं. आणि सावली : दुपारी बारानंतर चारपैकी एका चतुर्थांशात ऑपरेटरची सावली नायिकेच्या पदरावर पडणारच. तिथे कटर (उजेड अडवणारा काळा पडदा) लावा किंवा शॉट सकाळी घ्या.

२०१३ मध्ये मोव्ही आणि २०१४ मध्ये रोनिन हे मोटरवर चालणारे गिंबल आले तेव्हा आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांनी स्टेडीकॅम संपला असं धरलं. मोटरवरचा तीन अक्षांचा गिंबल पॅन (डावं-उजवं वळणं), टिल्ट (वर-खाली झुकणं) आणि रोल (तिरकं होणं) सांभाळतो, पण पावलागणिक कॅमेरा वर-खाली होतो ते त्याच्या हातात नाही. ते आर्मचं काम. म्हणून चालत्या माणसामागचा लांब शॉट अजूनही आम्ही स्टेडीकॅमवर घेतो, किंवा गिंबलच आर्मवर टांगतो. रिक्षाच्या मागच्या सीटवर मात्र आर्म उघडत नाही; तिथे हातातला गिंबलच हवा. त्याचाही क्रम आहे : आधी टिल्ट, मग रोल, शेवटी पॅन, आणि सगळं मोटर बंद ठेवून. बॅलन्स कच्चं असलं तरी मोटर कॅमेरा धरून ठेवते, त्यामुळे चूक लपते. तासाभराने मोटर तापते आणि चित्रात बारीक थरथर येते. ती थरथर बॅलन्स बरोबर असतानाही आली तर मोटरचा ताठरपणा जास्त ठेवलेला आहे, तो कमी करायचा.

पाम बीच रोड किंवा कोलशेतच्या खाडीकडे दुपारनंतर वारा सुटतो आणि मॅट बॉक्स शिडासारखा वागतो. तो काढून फिल्टर थेट लेन्सवर लावायचा, आणि वाऱ्याच्या बाजूने एका लाइटमनने मोठा कटर धरून सोबत चालायचं. पावसाळ्यात एसी फ्लोअरवरून बाहेर जायचं असेल तर लेन्स पेटीसकट अर्धा तास आधी बाहेर ठेवायची, नाहीतर काचेवर बाष्प धरतं आणि पुसून जात नाही. जून ते सप्टेंबर पेटीतला फोम ओल धरतो. गाळ्यावर आलं की पेट्या उघड्या ठेवतो, लेन्स आणि गिंबल ड्राय कॅबिनेटमध्ये जातात. बेअरिंगला गंज धरला की दांडा एका ठिकाणी हलका अडतो, आणि ते हाताला लागेपर्यंत शॉट बिघडून गेलेले असतात.

टेक संपला की आधी मशीन स्टँडवर, मग चर्चा. हा नियम आम्ही कुणासाठीही मोडत नाही. स्टँडच्या उंच पायावर वाळूची पिशवी हवीच. मशीन पडण्याचे प्रकार चालताना कमी आणि लक्ष नसलेल्या स्टँडला धक्का लागून जास्त होतात. व्हेस्टच्या सॉकेटचे स्क्रू असे लावायचे की ताठ उभं राहिल्यावर मशीन हात न लावता समोर तरंगत राहील. ते पुढे पळत असेल आणि ऑपरेटर मागे झुकून धरत असेल तर संध्याकाळी कंबर बोलते.

पैशांचं थोडक्यात. कोटेशनमध्ये ऑपरेटर, असिस्टंट आणि मशीन एकत्र, बारा तासांची शिफ्ट, त्यापुढे ओव्हरटाइम. वायरलेस फोकस आणि टेम्पो वेगळा. जीएसटी १८ टक्के. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केल्यावर लेखी करारात पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं कायद्याने बंधनकारक आहे, करार नसेल तर १५. हे बिलावरच छापतो. पूर्वी तीन-तीन महिने थांबणारे आता निदान फोन उचलतात.

शूटच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडून प्रॉडक्शनला एक फोन जातो. कॅमेरा कुठला, किती व्होल्टचा? सगळ्यात जड लेन्स कोणती? फोकस मोटर तुमची की आमची? लो मोड (कॅमेरा जमिनीलगत) लागणार का? कारण कॅमेरा उलटा टांगून मॉनिटर फिरवायला वीस मिनिटं जातात आणि ती लंच ब्रेकमध्ये बसवता येतात. पायऱ्या आहेत का, किती रुंद? आणि लोकेशन चौथ्या मजल्यावर असेल तर लिफ्ट चालू आहे का, की फक्त आहे?