शिफलीस कोनाचं नाव हाय?

नऊ तारीख म्हटली की आमच्या ग्रामीण रुग्णालयात लॅबवाल्यांचा जीव जातो. गरोदर बायांच्या तपासणीचा दिवस, हिमोग्लोबिन, शुगर, एचआयव्ही, सिफिलीस, सगळ्या नळ्या एकदमच येतात आणि अर्ध्यांवरचं नाव वाचता येत नाही. सिस्टरला बोललं तर म्हणते तुम्ही एसीत बसता. एसी मशीनसाठी आहे बाई, आणि तो मागच्या उन्हाळ्यापासून बंद आहे.

त्या दिवशी एका नळीची आरपीआर, म्हणजे सिफिलीसची टेस्ट, पॉझिटिव्ह आली. ही टेस्ट दिसायला साधी आहे, पांढऱ्या कार्डावर गोल असतात, त्यात सिरमचा थेंब, वरून कोळशाचे बारीक कण घातलेलं अँटिजेन, आणि आठ मिनिटं रोटेटरवर, मिनिटाला शंभर फेरे. काही नसलं तर राखाडी पाणी सारखंच राहते, असलं तर काळ्या गुठळ्या दिसतात, ओल्या राखेचे गोळे व्हावे तशा. कार्ड ओलं आहे तोवरच वाचायचं, सुकत आलं की चांगल्या पेशंटचंही पॉझिटिव्ह वाटायला लागते, नवीन पोरं नेमकी इथंच फसतात. पाचव्या मिनिटाला लाईट गेली, रोटेटर थांबला, ते कार्ड फेकून पुन्हा लावलं. पुन्हा गुठळ्या. मग दुप्पट दुप्पट पातळ करत गेली तर एकास बत्तीसपर्यंत गुठळ्या. गरोदरपणात ही टेस्ट कधी उगाच पॉझिटिव्ह येते म्हणून दुसऱ्या प्रकारचं किट लावलं, तिथंही रेघ आली. आता शंका घ्यायला जागा नव्हती.

वय बावीस, पाचवा महिना. आधीची दोन लेकरं, एक आठव्या महिन्यात पोटातच गेलेलं, दुसरं जन्मून दोन दिवसांनी. दोन्ही वेळा तपासणी नाहीच, कारण मेंढरं घेऊन फिरणारी माणसं, आज या शिवारात उद्या त्या. शेतकरी खतासाठी शेतात मेंढरं बसवून घेतात, रात्रीचे पैसे नाहीतर धान्य देतात, आणि आरोग्य कार्ड मात्र एकाच गावाचं असते.

मी रिपोर्ट बंद पाकिटात दिला. दहा मिनिटांत तिच्या कार्डावर लाल पेनानं गोल करून वर मोठ्या अक्षरात लिहिलं गेलं आणि व्हरांड्यातून आवाज आला, "ते व्हीडीआरएलवाली कुठं गेली वं?" व्हीडीआरएल म्हणजे सिफिलीसचीच जुनी टेस्ट. पन्नास बाया बसलेल्या. मी बाहेर येऊन सिस्टरकडं नुसतं पाहिलं, ती म्हणे काय झालं, त्यांना थोडीच कळते. कळते ना. लाल गोल कोणालाही कळतो.

काउन्सेलर ट्रेनिंगला गेलेला (तो कायमच ट्रेनिंगला असतो) म्हणून डॉक्टरांनी मलाच म्हटलं समजावून सांगा. तिला विचारलं नवऱ्याला आत बोलवू का, तिनं मान हलवली. तो निंबाखाली बसला होता, काठी दाराशी उभी करून आत आला. मी सांगितलं, हा आजार जवळ येण्यातून लागतो, बाळालाही जातो, इंजेक्शननं बरा होतो, दोघांनाही घ्यावं लागते. त्यानं ऐकून घेतलं आणि जे विचारलं ते मला इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

"ताई, हे शिफलीस म्हंजे? कोन्या मानसाचं नाव वाटते."

आता हे मला योगायोगानं माहीत होतं, डीएमएलटीला, म्हणजे लॅबच्या कोर्सला, आमचे एक सर गोष्टीवेल्हाळ होते. म्हटलं, हो दादा, माणसाचंच आहे. इटलीत वेरोना म्हणून गाव, तिथल्या फ्राकास्तोरो नावाच्या डॉक्टरनं १५३० साली या रोगावर मोठी लॅटिन कविता छापली. त्यात सिफिलस नावाचा मेंढपाळ आहे. दुष्काळ पडला, मेंढरं तहानेनं मरू लागली, तर तो सूर्यदेवाला वाट्टेल ते बोलला आणि त्याला सोडून आपल्या राजाची पूजा सुरू केली. सूर्य चिडला आणि हा रोग पाठवला, पहिला त्यालाच झाला, म्हणून रोगाला त्याचं नाव.

"किती मेंढरं होती त्याच्यापाशी?"

"हजार मेंढ्या अन् हजार गायी. राजाच्या."

"राजाच्या? मंग थो त मजुरीवर होता." जरा थांबून म्हणाला, "अन् एकटा मानूस हजार मेंढरं अन् हजार ढोरं नाही राखू शकत. लिवनाऱ्यानं कधी काठी धरली नसन. अन् तहानेनं जनावर मेलं त कोनीबी उन्हाले शिव्या देईन न."

वैशाखात इथं शिवारात फिरणाऱ्या माणसानं हे म्हटल्यावर मी काय बोलणार. मग त्यानं ते विचारलंच जे सगळे विचारतात, "हे आलं कोनापासून?" म्हटलं, माझी टेस्ट ते सांगत नाही, कोणतीच सांगत नाही. त्या कवितेआधी इटलीवाले याला फ्रेंच रोग म्हणत आणि फ्रान्सवाले नेपल्सचा रोग म्हणत, आपल्याकडं भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात फिरंग रोग लिहिलं, फिरंग्यांचा. पुढं डॉक्टर लोकांनी त्या मेंढपाळाचं नाव उचललं, आता आमच्या रजिस्टरमध्ये कोणी शिफलीस लिहिते कोणी सिफलिस. तो हसला. बायकोकडं पाहिलं नाही, पण हसला.

माझं बोलणं छान रंगलं होतं, आणि तेवढ्यात ती पहिल्यांदा बोलली.

"ताई, आधीचे दोन लेकरं याच्यानंच गेले काय?"

मी म्हटलं, असू शकते. म्हणजे बहुतेक. आता वाटते की हे मी सुरुवातीलाच सांगायला पाहिजे होतं, तिच्याकडं तोंड करून, आणि मी नवऱ्याला वेरोना सांगत बसली.

इंजेक्शन बेंझाथिन पेनिसिलिन, चोवीस लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत बारा बारा. औषध खडूच्या पाण्यासारखं घट्ट, सुई जाड नसली तर मध्येच चोंदते. रिअॅक्शनच्या भीतीनं बरेच डॉक्टर हे इंजेक्शन देतच नाहीत, वर पाठवतात, आणि फिरती माणसं वर कधी पोचत नाहीत. आमच्या डॉक्टरांनी स्किन टेस्ट करून, इमर्जन्सी ट्रे बाजूला ठेवून दिलं, याचं श्रेय त्यांना. किती जुनं आहे ते माहीत नव्हतं म्हणून तीन डोस, आठ आठ दिवसांनी, आणि गरोदरपणात मधला चुकला की कोर्स पुन्हा पहिल्यापासून. "आठ दिवसानं आमी कुठं असू ताई?" मग दोघांनी बोटांवर शिवारं मोजली, कोणाच्या वावरात किती रात्री, आणि वाडा (मेंढरांचा तळ) दोन आठवडे याच तालुक्यात ठेवायचं ठरवलं.

आले. दोन्ही वेळा आले. मी तिला नवीन कार्ड करून दिलं, लाल गोल नसलेलं, त्यावरून सिस्टर अजून माझ्याशी बोलत नाही.

तिसऱ्या डोसाला तो म्हणाला, "ताई, थ्या मेंढपाळाचं मंग काय झालं? मेला का?"

"नाही. देवाला त्याचा बळी द्यायचं ठरलं होतं. पण देवीला दया आली, तो वाचला, त्याच्या जागी जनावर कापलं."

"वाचला न," तो खूश झाला.

ती बाकावर एका अंगावर रेलून बसली होती, इंजेक्शनची जागा हातानं दाबत. म्हणाली, "त्याच्या जागी दुसरं गेलं न पन."