नववीच्या वर्गात संरक्षणाचं बजेट

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका शाळेत मी नववीला राज्यशास्त्र शिकवतो. पुस्तकात 'भारताची सुरक्षा व्यवस्था' हा धडा आहे. दलांची नावं आणि प्रमुख पाठ केले की गुण मिळतात, म्हणून मुलं तेवढंच करतात. पण २०२५च्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ऑपरेशन सिंदूरला जेमतेम सव्वा महिना झाला होता आणि पोरांच्या तोंडी एस-४०० आणि ब्रह्मोस या क्षेपणास्त्रांशिवाय विषय नव्हता. म्हटलं, यंदा धडा पैशांपासून सुरू करू.

"यात राजकारण नको हं," एवढंच मुख्याध्यापक म्हणाले. फळ्यावर फक्त केंद्रीय अर्थसंकल्पातले आकडे येतील, असं सांगून मी सुटलो.

खरी कटकट कागदपत्रांची. ती इंग्रजी-हिंदीत, आणि संरक्षण मंत्रालयाचा खर्च चार वेगवेगळ्या 'अनुदानाच्या मागण्यां'त, म्हणजे चार वेगळ्या खात्यांत, विखुरलेला. २०२५-२६ची बेरीज येते ६ लाख ८१ हजार २१० कोटी. लाख कोटी म्हटलं की मुलं नुसती माना डोलावतात, म्हणून शंभर रुपयांचा हिशेब करायला लावला. साधारण ४६ रुपये तिन्ही दलांचे पगार, इंधन, दारूगोळा, देखभाल. २६ रुपयांच्या आसपास नवी विमानं, जहाजं, शस्त्रं. जवळपास २४ रुपये पेन्शन. उरलेल्या चारेक रुपयांत तटरक्षक दल आणि सीमेवर रस्ते बांधणारी बीआरओही येते.

पेन्शनपाशी वर्ग अडला. "म्हणजे आमच्या आज्जाची पेन्शन पण यातलीच?" यातलीच. आमच्याकडे गल्लीला एक तरी माजी सैनिक सापडतो, त्यामुळे पुढचा तास त्यावरच गेला आणि मी जाऊ दिला.

दुसऱ्या दिवशी एका मुलीनं मोबाईलवरचं चित्र दाखवलं: संरक्षणाला पावणेसात लाख कोटी, शिक्षणाला फक्त १ लाख २८ हजार कोटी. निम्मा वर्ग चिडला. आकडे बरोबर आहेत, पण हे चित्र मला मुळीच आवडत नाही. शाळा, सरकारी दवाखाने, पोलीस यांच्यावरचा मोठा खर्च राज्य सरकार करतं; संरक्षण मात्र केंद्राकडेच. दुसरीकडे, बीएसएफ आणि सीआरपीएफ गृह मंत्रालयाच्या खात्यात असल्यामुळे संरक्षणाच्या आकड्यात ते नाहीतच. चिडायचं तर चिडा, पण आधी दोन्ही रकाने पूर्ण भरा, असं सांगितलं. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेचे २०२४च्या लष्करी खर्चाचे आकडेही लिहिले: भारत सुमारे ८६ अब्ज डॉलर, जगात पाचवा; चीन अंदाजे ३१४ अब्ज. सतत एस-४००बद्दल बोलणारा एक मुलगा लगेच उठला, "सर, मग आपण वाढवायलाच पाहिजे!"

मग नाव न लिहिता चिठ्ठ्या मागवल्या: तुला सुरक्षित कशामुळे वाटतं? सैन्य होतंच. शिवाय क्लासहून परतताना रस्त्यावरचे दिवे, शेवटची एसटी, १०८ची गाडी, आईचा बचत गट. आणि बऱ्याच चिठ्ठ्यांत पूर. २०१९च्या महापुरात ही मुलं सात-आठ वर्षांची होती. तेव्हा आमच्याच जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावी पुरातून लोकांना नेणारी बोट उलटली, त्याबद्दल इथल्या घरांत अजून बोलतात.

"पुरात पण सैन्यच आलं की," एक म्हणाला. खरंच आहे; लष्कर आलं, नौदल आलं, एनडीआरएफ म्हणजे केंद्राचं आपत्ती दल आलं. मागच्या बाकावरून मुलगी म्हणाली, "आलं, पण तोवर गावात धड बोट का नव्हती?" मग एनडीआरएफ कोणत्या मंत्रालयाखाली, राज्याचं आपत्ती दल कोणाचं, गावच्या बोटीचा पैसा कुठून येतो, ही शोधाशोध सुरू झाली. पुस्तकातला 'मानवी सुरक्षा' हा परिच्छेद मी एरवी घाईत उरकतो. या वेळी मुलांनीच तो काढून वाचला.

एका मुलाचे वडील, निवृत्त हवालदार, वर्गात आले. शस्त्रांबद्दल प्रश्नांचा भडिमार झाला, त्यांनी हौसेनं उत्तरं दिली. मग चिठ्ठ्या वाचून म्हणाले, "पुराच्या त्या ऑगस्टात मी पंजाबात ड्यूटीवर, अन् घरची माणसं पत्र्यावर. फोन लागत नव्हता. तेवढी भीती मला नोकरीत कधी वाटली नाही."

गावात बोटी किती, लाइफ जॅकेट किती, बोट चालवायचं शिक्षण कोणाला दिलंय, असा अर्ज मुलांनी पालकांच्या सहीनं ग्रामपंचायतीत दिला. यादी अजून मिळालेली नाही. सगळ्यात जास्त पाठपुरावा एस-४००वालाच करतो. शस्त्रखरेदीचा वाटा २६वरून वाढलाच पाहिजे हे त्याचं मत कायम आहे, आणि चाचणीच्या पेपरात त्यानं ते आकड्यांसकट मांडलं.